फेस्टिव्हल बोंबलला? मग बैठक अशी घ्या

फेस्टिव्हल फसला की पुढचे चार दिवस काय होतं ते मला आता पाठ झालंय. पहिल्या दिवशी सगळे "पावसाला कोण काय करणार" म्हणतात, दुसऱ्या दिवशी सगळं साउंडवाल्यावर ढकलतात, तिसऱ्या दिवशी दोन बँड ग्रुप सोडून जातात आणि चौथ्या दिवशी कुणीतरी "जाऊ दे भावा, पुढच्या वर्षी बघू" म्हणून विषय मिटवतो. आमचा असाच झाला, कोल्हापूरच्या बाहेर एका मैदानावर, दोन दिवसांचा कार्यक्रम ठरलेला आणि वाजले दीड बँड (हो, दीड, दुसऱ्याचं तिसरं गाणं अर्ध्यात राहिलं). मी आयोजकांतही होतो आणि बास गिटारही वाजवणार होतो, त्यामुळे शिव्या दोन्हीकडून खाल्ल्या. नंतर वाजवणारे आणि ऐकायला आलेले असे एकत्र बसलो, ते कसं बसायचं ते लिहितोय, कारण पहिल्या वेळी आम्ही ते पण बोंबलवलं.

आधी पैसे. बैठकीचा मेसेज टाकायच्या आधी तिकिटाचे पैसे परत गेलेले पाहिजेत. 499 चं तिकीट असेल तर 499 च, पेमेंटवाल्यांनी कापलेलं कमिशन तुमच्या खिशातून. "अर्धा कार्यक्रम झाला की" वगैरे हिशोब मनात पण आणू नका, खिशात पैसे अडकलेला माणूस बैठकीत दुसरं काही बोलूच शकत नाही. त्याच दमात मंडपवाला, जेवणवाले, वॉचमन यांचे पण चुकते करा. 2017 ला बहामामध्ये फायर (Fyre) या आलिशान म्हणून विकलेल्या म्युझिक फेस्टिव्हलचा जो इस्कोट झाला, त्यात लोक जेवण म्हणून मिळालेल्या चीज सँडविचच्या फोटोवर हसले, पण तिथं राबलेल्या आणि जेवण बनवलेल्या गावकऱ्यांचे पैसे बुडाले ते कमी लोकांच्या लक्षात राहिलं. तो फेस्टिव्हल भरवणाऱ्याला पुढं सहा वर्षांची शिक्षा झाली ते वेगळं. आपल्याकडं एवढं मोठं काही नसतं, पण कागलवरनं मोटरसायकलवर ढोलकी बांधून आलेल्या पोराला पेट्रोलचे पैसे पण मिळाले नाहीत असं आमच्यात झालं होतं, आणि ते मला पंधरा दिवसांनी कळलं.

जागा. आम्ही पहिल्यांदा रंकाळ्यावर बसलो, लै मोठी चूक. भेळ आली, ओळखीचे आले, "काय लगा, तुमचा तो फेस्टिव्हल" म्हणत प्रत्येक जण दोन मिनिटं थांबला, दीड तासात नुसत्या गप्पा. दुसऱ्यांदा राजारामपुरीत एकाच्या प्रॅक्टिस रूमवर बसलो, दार बंद, फोन बाजूला, तेव्हा कामाचं बोलणं झालं. बारमध्ये तर अजिबात नको.

बोलवायचं कुणाला? बँडमधला एकेक जण, साउंडवाला, जनरेटरवाला, आणि तिकीट काढून आलेले पाच-सहा जण, त्यात ज्यानं फेस्टिव्हलबद्दल सगळ्यात वाईट लिहिलं होतं तो पाहिजेच. स्पॉन्सरला नको, तो असला की सगळे गोड बोलतात.

आणि बोलायचा क्रम ठरवून घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. आधी ऐकायला आलेले, मग पोस्टरवर ज्यांचं नाव सगळ्यात बारीक होतं ते, मग मोठी नावं, मग साउंड-लाइटवाले, आयोजक शेवटी. आयोजकानं मध्ये "नाही, पण त्याचं काय झालं" म्हणायचं नाही, मला दोनदा गप्प बसवलं. हे गाव ऐकणाऱ्यांचं आहे हो, शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब गायचे, देवल क्लब ही संगीतसंस्था 1883 पासून आहे, इथल्या श्रोत्याला कुठं काय घसरलं ते कळतं, मग ते रॉक असो नाहीतर ख्याल. त्याला आधी बोलू द्या.

आम्हाला वाटलं होतं लोक पावसावरून चिडलेत. पावसावर कुणी एक शब्द बोललं नाही. चिखलात दोन तास उभं केलं आणि स्टेजवरनं "पाच मिनिटांत सुरू करतोय" असं सात वेळा सांगितलं, राग त्याचा होता. इचलकरंजीची एक मुलगी म्हणाली, साडेसातलाच खरं सांगितलं असतं तर माझी शेवटची एसटी चुकली नसती. तिनं घरी काय सांगितलं आणि घरचे काय बोलले ते तिनं सांगितलं नाही, आम्ही पण विचारलं नाही.

आता वेळेचा तक्ता. आठवणीवर जाऊ नका, प्रत्येकाची आठवण स्वतःला सोयीची असते. सगळ्यांच्या फोनमधले फोटो, व्हिडिओ, कॉल आणि व्हॉट्सअॅपचे टाइम बघून एका कागदावर उतरवा: पाऊस किती वाजता, लाइट किती वाजता गेली, पोलिसांचा पहिला फोन कधी. आमच्या कागदावर दिसलं की पाऊस चाळीसच मिनिटं पडला होता. कार्यक्रम गेला तो पुढच्या अडीच तासांत.

मग "पाऊस आला" च्या मागं जा. पाऊस का नडला? स्टेजच्या मागची ताडपत्री लहान होती. का लहान? दसरा झाला, आता कशाला पाऊस, असं धरून चाललो, म्हणजे परतीचा पाऊस दरवर्षी बघणाऱ्या माणसांनी. पाणी थ्री फेजच्या (करंट आणणाऱ्या तीन वेगळ्या वायरींच्या) जोडणीत गेलं, घाईत ती उघडून परत बांधली आणि न्यूट्रल, म्हणजे तिघींची परतीची सामायिक वायर, नीट आवळला गेला नाही. इथं जनरेटरवाल्यानं जे समजावलं ते प्रत्येक बँडवाल्यानं ऐकावं: न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर लोड कमी तिथं व्होल्टेज चढतं, 230 च्या जागी साडेतीनशेच्या वर पण जातं. एलईडी वॉलचा (स्टेजवरच्या मोठ्या स्क्रीनचा) जड लोड एका फेजवर, साउंडचा मिक्सर आणि कीबोर्डचे अॅडाप्टर दुसऱ्यावर, म्हणजे जळणार कोण ते ठरलेलंच. आम्ही महिनाभर साउंडवाल्याला नावं ठेवत होतो, त्याचाच मिक्सर गेला होता.

दुसरा मिक्सर आणेपर्यंत साडेनऊ. आणि दहाला बंद, हा नियम देशभर आहे, उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर नाही, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, ते पंधराच्या वर नसतात आणि सणावारातच संपतात. आमची तारीख त्यात नव्हती, आणि हे आमच्यापैकी एकालाच माहीत होतं, तो गेटवर तिकिटं फाडत होता. खरं तर आम्हाला छताखालीच करायचं होतं, पण केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये जळालेलं आणि तेव्हा बंदच होतं, मग म्हटलं मैदान. मैदान घेतलं तर बॅकअप तारीख पण घ्यावी लागते हे तेव्हा सुचलं नाही.

मानधनाचं त्याच बैठकीत कागदावर आणा. आमचं असं ठरलं: कलाकार साउंडचेकला हजर झाला की अर्धे त्याचे, वाजवायला मिळो न मिळो, प्रवासखर्च वेगळा आणि आधी. मोठ्या नावाच्या मॅनेजरनं जरा कुरकुर केली, बाकी सगळ्यांनी मान डोलावली. जळालेल्या सामानाचं मात्र भांडण झालंच, ते अजून अर्धवट आहे, मिक्सरचे पैसे आम्ही चौघं हप्त्यानं देतोय.

शेवटी दोन पानांत सगळं लिहा, कुणाचं नाव न घालता, वेळेच्या तक्त्यासकट, आणि तिकीट काढलेल्या प्रत्येकाला पाठवा. भाषा साधी, "अपरिहार्य कारणास्तव" हा शब्द दिसला तर खोडा. पाठवायच्या आधी त्या वाईट लिहिणाऱ्याला वाचायला द्या, आमच्या त्या भावानं तीन ठिकाणी "हे खोटं आहे" लिहून परत दिलं, त्यातल्या दोन ठिकाणी त्याचं बरोबर होतं.

आणि हो, बैठकीच्या चहाचं आणि वडापावचं बिल आयोजकांनी द्यायचं, तिथं परत वर्गणी काढत बसू नका.