ओन्सेनच्या ऱ्योकानला जाताय? आधी जेवणाचं कळवा

जपानमध्ये ओन्सेनच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या, गावी ऱ्योकानात, म्हणजे जुन्या पद्धतीच्या सराईत, राहायचं ठरलं असेल, तर पासपोर्ट-तिकिटांचं मी सांगायला नको. न फाटलेले मोजे घ्या, कारण बूट दारातच निघतात. पण तुम्ही शाकाहारी असाल तर बाकी सगळं बाजूला ठेवून पहिलं काम हे करा: बुकिंग करतानाच, लेखी, जेवणाचं कळवा. पोचल्यावर सांगू, समजून घेतील, असं मनातही आणू नका.

ऱ्योकानात पैसे खोलीचे नसतात, माणशी असतात, आणि त्यात रात्रीचं जेवण व न्याहारी धरलेली असते. ते जेवण म्हणजे काइसेकी. त्या ऋतूत त्या भागात जे मिळतं त्याचे छोटे छोटे पदार्थ एकामागून एक येतात. सामान आधीच मागवलेलं असतं, बेत ठरलेला असतो. संध्याकाळी सहाला तुम्ही "आम्ही मासे खात नाही" म्हणालात तर आचाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही.

आणि नुसतं ‘व्हेज’ लिहून अजिबात भागत नाही. दाशीचं वेगळं लिहा. दाशी म्हणजे ज्या पाण्यात सगळं शिजतं तो अर्क, आणि तो बहुतेक वेळा कात्सुओबुशीचा असतो, म्हणजे धुरावून वाळवलेल्या माशाचा. मिसो सूपमध्ये दाशी, उकडलेल्या भाज्यांत दाशी, अंड्याच्या गुंडाळीत दाशी, भाज्यांच्या तेम्पुराबरोबरच्या सॉसमध्येही दाशी. ताटात मासा दिसत नाही म्हणजे तो नाही असं नव्हे. मागच्या वेळी आमच्याकडून हेच लिहायचं राहिलं. सूपच्या लाकडी वाटीचं झाकण उघडलं आणि वासावरूनच कळलं. ज्या बाईंनी गुडघ्यांवर बसून एकेक वाटी मांडली होती, त्यांनीच त्या सगळ्या परत उचलल्या, वर वाकून माफी मागितली. शेवटी पुढ्यात भात आणि लोणचं उरलं. भुकेपेक्षा त्या बाईंचा चेहरा जास्त लागला.

म्हणून हे वाक्य जपानी लिपीत करून घ्या, बुकिंगच्या मजकुरात टाका आणि मोबाइलमध्येही ठेवा: "निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ नो दाशी मो ताबेमासेन. कोम्बु तो शिइताके नो दाशी वा दाइजोबु देसु." मांस, मासे आणि माशाची दाशी नको, कोम्बु हे समुद्री शेवाळ आणि शिइताके अळंबी यांची दाशी चालेल. अंडं चालत असेल तर तेही लिहा, त्यांना मोठा आधार होतो. उत्तर आलंच पाहिजे. आलं नाही तर फोन करा, आणि जायच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा विचारा. काही ठिकाणी सरळ ‘जमणार नाही’ म्हणतात. राग मानू नका, हे आधीच कळलं हे उत्तम. मग जेवणाशिवायची खोली मागा, तिला सुदोमारी म्हणतात. पण या गावांत हॉटेलं लवकर बंद होतात, तेव्हा खायचं बरोबर हवं. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी न्या, साधा भात सगळीकडे मिळतो. मांसाचं काहीही जपानमध्ये नेता येत नाही. आणि खात्रीचं शाकाहारीच हवं असेल तर कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध देवळांत राहा. तिथलं शोजिन ऱ्योरी, म्हणजे देवळातलं जेवण, बिनमांसाचं आणि बिनमाशाचंच असतं. फक्त तिथे ओन्सेनची अपेक्षा धरू नका.

वेळ. खोली साधारण तीनला मिळते, जेवण सहा-साडेसहाला, आणि उशीर झाला तर ते थांबवून ठेवत नाहीत. कुसात्सु या ओन्सेनच्या गावी जायचं तर नागानोहारा-कुसात्सुगुची स्टेशनवरून पुढे बस आहे. परतीचं आणि शेवटच्या बसचं वेळापत्रक आधीच बघा. मोठी बॅग ताक्युबिनने, म्हणजे सामान पोचवणाऱ्या कुरिअरने, पुढच्या मुक्कामी पाठवा, तातामीवर, म्हणजे खोलीतल्या गवती चटयांवर, चाकं ओढायची नसतात. रोख येन ठेवा, लहान ऱ्योकानांत कार्ड चालेलच असं नाही, आणि स्नानकर बऱ्याचदा तिथेच द्यावा लागतो, बहुतेक ठिकाणी माणशी 150 येन.

गोंदण असेल तर तेही आधी विचारा. अनेक ठिकाणी सार्वजनिक कुंडात सोडत नाहीत. किनोसाकी या ओन्सेनच्या गावातल्या सार्वजनिक स्नानगृहांत मात्र अडवत नाहीत. नाहीतर तासाच्या बोलीवर मिळणारं खासगी कुंड घ्या. संकोच वाटणाऱ्यांनाही हेच सांगेन, कारण सार्वजनिक कुंडात पोहण्याचे कपडे घालून उतरत नाहीत.

दागिने. हे आपल्या बायकांसाठी मुद्दाम लिहिते आहे. जोडवी, पैंजण, चांदीचं जे काही आहे ते खोलीत काढून ठेवा. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, आणि कुसात्सुचं पाणी तर पीएच 2 च्या आसपासचं, चांगलंच आम्ल आहे. मंगळसूत्रही काढलेलं बरं, सोन्यात मिसळलेल्या धातूंचा भरवसा नाही.

पाण्यात उतरण्याआधी लहान स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची, साबणाचा कण राहता कामा नये. वज्रेश्वरीच्या कुंडासारखं आत जाऊन अंग चोळायचं नाही. केस वर बांधा, छोटा टॉवेल पाण्यात बुडवू नका, डोक्यावर ठेवा. मोबाइल बाहेर. पाणी 40-42 अंशांचं असतं, पहिल्या वेळी पाच-सात मिनिटं पुरे. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दारू पिऊन किंवा भरल्या पोटी उतरू नका.

युकाता, म्हणजे घालायचा सुती झगा, खोलीतच मिळतो. डावी बाजू उजवीवर घ्यायची, नेहमी. उलटी फक्त मृतदेहाला नेसवतात. संडासाच्या चपला संडासातच ठेवा.

रात्री तुम्ही जेवताना गादी घातली जाते, तुम्ही काही करायचं नाही. सकाळी कुंडाला जाताना दारावरचा पडदा पुन्हा नीट वाचा, बऱ्याच ठिकाणी रात्रीतून बायकांचं आणि पुरुषांचं कुंड अदलाबदल होतं. न्याहारीतही दाशी असते, म्हणजे कळवताना दोन्ही जेवणांचं कळवा. दहाला खोली सोडायची. टीप नको. बस कधी आहे ते काउंटरवर विचारून घ्या.