ब्रिटनमध्ये घराचा बॉयलर बदलताना: आधी इंजिनिअर ठरवा, मॉडेल मागाहून

ब्रिटनमधल्या मराठी घरात बॉयलर, म्हणजे घर आणि नळाचं पाणी तापवणारं यंत्र, कुरकुरायला लागला की पहिला प्रश्न ठरलेला: व्हॅलंट घेऊ की वूस्टर बॉश? हा प्रश्न बाजूला ठेवा. नावाजलेल्या कंपन्यांच्या बॉयलरांत एकोणीस-वीसचाच फरक असतो. तोच बॉयलर एका घरात वर्षानुवर्षं निमूट चालतो आणि शेजारच्या घरात दर हिवाळ्यात बंद पडतो. फरक बहुतेक वेळा बसवणाऱ्याच्या कामात असतो. स्वतःच्या घरी, भाड्याने दिलेल्या घरी आणि ओळखीपाळखीच्यांकडे हे काम करून घेतल्यावर माझं मत पक्कं आहे: वेळ घालवायचा तो इंजिनिअर शोधण्यात.

१. वेळ

मे ते ऑगस्ट. ऑक्टोबरात थंडी पडली की चांगल्या माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि तुम्हालाही घासाघीस करायला वाव उरत नाही.

२. हीट पंपाचा विचार आधीच करून टाका

बाहेर युनिटला आणि आत गरम पाण्याच्या टाकीला जागा असेल, तर एक कोटेशन हीट पंपाचंही घ्या (बाहेरची उष्णता विजेवर आत खेचून घर तापवणारं, बॉयलरऐवजी बसवायचं यंत्र). इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीममधून ७,५०० पौंडांचं अनुदान आहे. छोट्या फ्लॅटमध्ये हे बहुधा जमत नाही. पुढचं सगळं गॅस बॉयलरच घ्यायचा ठरलेल्यांसाठी आहे.

३. कॉम्बी की टाकी

एकच न्हाणीघर असेल तर कॉम्बी, म्हणजे टाकीशिवाय थेट गरम पाणी देणारा बॉयलर. दोन असतील आणि सुट्टीत भारतातून आई-बाबा, भाऊ-वहिनी येत असतील, तर टाकी काढून टाकायची घाई करू नका. कॉम्बी पाणी त्या क्षणी तापवतो, त्यामुळे दोन शॉवर एकदम सुरू झाले की दोन्हीकडे धार बारीक होते.

कॉम्बीच घ्यायचा असेल तर आधी सकाळच्या वेळी स्वयंपाकघरातला थंड नळ पूर्ण उघडून त्याखाली दहा लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ लावा. थंड पाणी ३५ अंशांनी तापवायचं तर २४ किलोवॉटचा बॉयलर मिनिटाला साधारण १० लिटर देतो, ३५ किलोवॉटचा १४. नळालाच मिनिटाला ९ लिटर येत असेल, तर मोठ्या बॉयलरचे जादा पैसे वाया गेले.

४. नावं काढणं

गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव नसलेल्या माणसाने पैसे घेऊन गॅसच्या कामाला हात लावणं हा गुन्हा आहे. २००९ पासून हीच अधिकृत नोंदवही आहे. कुणी अजून कॉर्गीचं, म्हणजे त्याआधीच्या नोंदवहीचं, नाव सांगत असेल तर त्याला तिथूनच नमस्कार करा. कंपनीचं नाव यादीत सापडलं एवढ्यावर थांबू नका. घरी येणाऱ्या माणसाचं कार्ड मागा, फोटो आणि मुदत बघा आणि कार्ड उलटून मागची बाजू वाचा. कुठली कामं करायची त्याला परवानगी आहे ते मागे लिहिलेलं असतं. कार्ड मागितल्यावर ज्याच्या कपाळाला आठी पडते, तो आपल्या कामाचा नाही.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या शिफारशी ऐका, पण विचारा: काम होऊन किती हिवाळे झाले? नव्या बॉयलरवर पहिल्या महिन्यात सगळेच खूश असतात. जवळपास राहणारा, स्वतःच्या हाताने काम करणारा आणि पुढे दरवर्षी सर्व्हिसलाही येणारा माणूस मला मोठ्या कंपनीच्या विक्रेत्यापेक्षा केव्हाही बरा वाटतो.

५. पाहणी: सगळं इथे ठरतं

पहिल्यांदा मला हीच पायरी जड गेली. समोरचा माणूस भराभर आकडे सांगतो, आपण मान डोलावतो आणि तो गेल्यावर कळतं की त्याने आपल्या घराकडे पाहिलंच नाही. म्हणून इथे सावकाश वाचा.

फोटो पाठवा, तासाभरात कोटेशन देतो, असं म्हणणाऱ्याचं कोटेशन मी वाचतही नाही. घरी येऊनही फक्त जुन्या बॉयलरवरचा आकडा बघून 'पस्तीस किलोवॉट टाकू, पुढे-मागे कमी पडायला नको' म्हणणारा त्याच माळेतला मणी. चांगला इंजिनिअर खोल्या फिरतो. भिंती भरीव आहेत की दुहेरी, माळ्यावर इन्सुलेशन किती जाड आहे, खिडक्या कशा आहेत, कुठल्या खोलीत कुठला रेडिएटर आहे, हे टिपून घेतो. त्यातून हीट लॉस निघतो, म्हणजे कडक थंडीत घर किती उष्णता गमावतं याचा आकडा. तीन बेडरूमच्या साध्या सेमी-डिटॅच्ड घरात तो बऱ्याचदा १० किलोवॉटच्या आतच असतो. कॉम्बीचे २४-३० किलोवॉट लागतात ते आंघोळीच्या पाण्यासाठी, घर तापवायला नाही.

याने फरक काय पडतो? सौम्य थंडीत घराला दोन-तीन किलोवॉट पुरतात. बॉयलर सहाच्या खाली उतरू शकत नसेल, तर तो सारखा पेटतो आणि विझतो. गॅस वाया जातो, भाग झिजतात. म्हणून कमाल आकडा नंतर विचारा, आधी हे विचारा: हा बॉयलर किमान कितीवर चालतो? आणि हीटिंगची कमाल मर्यादा तुम्ही माझ्या घराच्या हिशेबाने खाली आणून देणार का?

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा: फ्लो टेम्परेचर किती ठेवणार? रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं हे तापमान. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ पासून बसवलेले जवळजवळ सगळे बॉयलर कंडेन्सिंग आहेत. धुरातल्या वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते, ती ते परत मिळवतात. पण त्यासाठी रेडिएटरमधून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. फ्लो ७५ वर ठेवला तर तुम्ही कंडेन्सिंगचे पैसे मोजले आणि जुन्यासारखाच बॉयलर वापरताय. 'कारखान्यातून येतं तेच राहू द्या' हे उत्तर मला चालत नाही. '५५ किंवा ६० ठेवू, पण बैठकीतला रेडिएटर मोठा करावा लागेल' असं जो म्हणतो, त्याचा नंबर जपून ठेवा. ७५ ऐवजी ५५ अंशांच्या पाण्यावर रेडिएटर निम्म्याच्या आसपासच उष्णता देतो, हे त्याला माहीत आहे. हेच रेडिएटर पुढे हीट पंप घेतलात तरी उपयोगी पडतील.

तिसरं, त्याने मीटरपासून बॉयलरपर्यंतची गॅसची नळी पाहिली का? जुन्या टाकीवाल्या बॉयलरला पुरणारी १५ मिलिमीटरची नळी कॉम्बीला अनेकदा कमी पडते. बॉयलर पूर्ण जोरात असताना मीटर ते बॉयलर एवढ्या अंतरात गॅसचा दाब १ मिलिबारपेक्षा जास्त पडता कामा नये. '२२ मिलिमीटरची नवीन नळी टाकावी लागेल' असं सांगणारा पैसे उकळतोय असं समजू नका. ज्याने नळीचा विषयच काढला नाही, त्याच्यापासून जपा.

चौथं, कंडेन्सेट, म्हणजे धुरातल्या वाफेचं झालेलं पाणी, कुठून जाणार? शक्यतो घरातूनच, सिंकच्या ड्रेनमध्ये. बाहेरून नेणं भागच असेल तर नळी निदान ३२ मिलिमीटरची, उताराची, इन्सुलेशनने गुंडाळलेली आणि शक्य तितकी आखूड हवी. बारीक उघडी नळी कडाक्याच्या थंडीत गोठते आणि बॉयलर नेमका तेव्हाच बंद पडतो. २०१० च्या डिसेंबरात असे कित्येक बॉयलर बंद पडले. सगळ्यात थंड सकाळी, घरात म्हातारी माणसं आणि लहान मूल असताना, नळीवर कोमट पाणी ओतत उभं राहण्याची वेळ कुणावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

६. कोटेशन

तीन घ्या आणि सगळं लेखी घ्या: बॉयलरचं मॉडेल, नळीचं काम, सिस्टिम (रेडिएटर आणि नळ्या) धुणं, मॅग्नेटिक फिल्टर (गंजाचा गाळ पकडणारा), इन्हिबिटर (गंज रोखणारं रसायन), कंट्रोल, जुना बॉयलर नेणं. रेडिएटरमधून काळं पाणी निघत असेल तर धुलाईवर कात्री लावू देऊ नका. तो गाळ नव्या बॉयलरचा हीट एक्स्चेंजर, म्हणजे पाणी तापवणारा भाग, खातो. थर्मोस्टॅट बॉयलरशी बोलून आच कमी-जास्त करणारा घ्या, नुसता चालू-बंद करणारा नको. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. १०० ते ३०,००० पौंडांच्या व्यवहारात रकमेचा थोडा भाग जरी क्रेडिट कार्डाने भरलात, तरी १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम ७५ तुमच्या बाजूने उभं राहतं.

७. कामाचा दिवस

कपाटं रिकामी करा, चहा द्या, मध्ये लुडबुड करू नका. जागच्या जागी कॉम्बी बदलायला साधारण एक दिवस. टाकी काढून कॉम्बी बसवायचा तर जास्त.

८. तो निघण्यापूर्वी

सिस्टिम थंड असताना बॉयलरवर पाण्याचा दाब १ ते १.५ बार दिसला पाहिजे. दाब उतरला तर पाणी कसं भरायचं आणि फ्लो टेम्परेचर कुठे बदलायचं, हे स्वतःच्या हाताने त्याच्यासमोर करून बघा. बेंचमार्कची नोंद, म्हणजे बॉयलर नीट बसवल्याचा तक्ता, मोजमापांसह भरलाय का ते तपासा; वॉरंटीच्या भांडणात तेच विचारतात. त्याच खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. वॉरंटीची नोंदणी कोण करणार हे ठरवून घ्या आणि वार्षिक सर्व्हिस चुकवू नका, नाहीतर वॉरंटी जाते.

इंग्लंड-वेल्समध्ये त्याने ३० दिवसांत कामाची नोंद करायची असते, आणि त्यानंतर बिल्डिंग रेग्युलेशन्सचं प्रमाणपत्र तुमच्याकडे येतं. दोन महिन्यांत ते आलं नाही तर फोन करा आणि मिळेपर्यंत पाठ सोडू नका. घर विकताना खरेदीदाराचा वकील ते मागतो.