जुन्या संगणकाला लिनक्सचा कोणता कर्नल घालावा?

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून रॅमची जादा पट्टी आणली, बसवली, तरी ४ जीबीपैकी सव्वातीनच्या आसपासच दिसतात. जुनी यंत्रं चालती ठेवणाऱ्या पुणेकरांना हा अनुभव नवा नाही. पट्टी परत करायला धावू नका, आधी कर्नल (प्रोग्रॅम आणि यंत्र यांच्यामधला लिनक्सचा गाभा) बघा.

टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘एलएससीपीयू’ (lscpu) टाइप करा. मोडच्या ओळीत ३२ आणि ६४ बिट दोन्ही दिसले तर प्रोसेसर ६४ बिटचा आहे. मग ‘यूनेम -एम’ (uname -m) टाइप करा. उत्तर ‘आय६८६’ (i686) आलं तर कर्नल मात्र ३२ बिटचा आहे.

३२ बिटांत पत्ते मावतात ४ जीबीचेच. त्यातलेही काही ग्राफिक्स आणि इतर उपकरणं अडवतात, म्हणून रॅम कमी भरते. पीएई (PAE) हा ३२ बिट कर्नलचाच एक प्रकार ३६ बिटांचे पत्ते वापरून ही मर्यादा ६४ जीबीपर्यंत नेतो. पण पेज टेबलमधली (मेमरीचं कुठलं पान कुठे आहे त्या यादीतली) प्रत्येक नोंद ४ ऐवजी ८ बाइटची होते. शिवाय ३२ बिट कर्नलच्या थेट हाताशी सुमारे ८९६ एमबीच असतात. त्यापलीकडचं पान (मेमरीचा छोटा तुकडा) लागलं की आधी ते जोडून घ्यावं लागतं. त्यात वेळ जातो. आणि एकेका प्रोग्रॅमला मिळतात ३ जीबीच.

म्हणून प्रोसेसर ६४ बिटचा आणि रॅम २ जीबी किंवा जास्त असेल, तर मी ६४ बिटच घ्यायला सांगेन. पॉइंटर (प्रोग्रॅमने साठवलेले मेमरीचे पत्ते) दुप्पट जागा खातात हे खरं, पण रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले हाताशी असलेले कप्पे) ८ ची १६ होतात आणि ती जोडाजोड संपते. रॅम १ जीबीच असेल तर ३२ बिट पीएई बरा. डेबियन या लिनक्सच्या वितरणाने १३व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीचा कर्नल देणं थांबवलं आहे, हेही ध्यानात ठेवा.

डेबियनमध्ये ३२ बिट प्रोग्रॅम तसेच ठेवून फक्त कर्नल ६४ बिटचा बसवता येतो. जुना कर्नल काढू नका. नवा चालला नाही तर ग्रब मेनूतून (यंत्र सुरू होताना कर्नल निवडायच्या यादीतून) जुन्यावर परतता येतं.

मग नेहमीचे टॅब उघडून ‘फ्री -एच’ (free -h) बघा. स्वॅप (रॅम संपली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) भरत असेल तर कर्नल कुठलाही असो, यंत्र रेंगाळणारच. तिथे रॅमच वाढवावी लागते. ६४ बिट कर्नलवरही पूर्ण ४ जीबी दिसत नसतील तर बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) मेमरी रीमॅप (उपकरणांनी अडवलेली रॅम ४ जीबीपुढच्या पत्त्यांवर नेण्याची सोय) शोधा. काही जुन्या चिपसेटमध्ये ती सोयच नाही, तिथे आणखी पट्टी घेऊ नका.