मॉस आणि पाकट यांची तुलना करताना या चुका टाळा

मॉस म्हणजे इवल्याशा हिरव्या वनस्पती, पाकट म्हणजे चपट्या अंगाचे मासे. पहिली चूक तुलनेचा तक्ता आखतानाच होते. एका रकान्यात ‘मॉस’, दुसऱ्यात ‘मँटा पाकट’ असं लिहिलं की पुढचं सगळं फसतं. मॉस हा सुमारे 12,000 जातींचा अख्खा गट आहे. ‘मॉसची संवर्धन स्थिती (नामशेष होण्याचा धोका किती) काय?’ या ओळीत मग काय भरणार? स्थिती ठरते ती जातीची. म्हणून जातीसमोर जातच ठेवा: इकडे फ्युनारिया हायग्रोमेट्रिका ही मॉसची जात, तिकडे मोब्युला बायरोस्ट्रिस, म्हणजे महाकाय मँटा.

आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या वर्गीकरणात ‘प्रजाती’ (genus) ही पायरी वरची, जसं फ्युनारिया, आणि ‘जाती’ (species) तिच्या खालची, जसं फ्युनारिया हायग्रोमेट्रिका. बातम्यांत मात्र जातीलाच सर्रास प्रजाती म्हणतात. बातमीतला शब्द जसाच्या तसा तक्त्यात उतरवला की फ्युनारिया आणि फ्युनारिया हायग्रोमेट्रिका एकाच ओळीत जाऊन बसतात. वनस्पतींच्या बाजूला ‘विभाग’ आणि प्राण्यांच्या बाजूला ‘संघ’ दिसला तर घाबरू नका, पायरी एकच आहे.

सगळ्यात हट्टी घोळ ‘शेवाळ’ या शब्दाचा. टाकीतल्या पाण्यावरचा हिरवा तवंग शेवाळ आणि ओल्या भिंतीवरची मखमलही शेवाळच! तवंग बहुधा शैवालाचा (algae) असतो, मखमल बहुधा मॉसची. भिंग धरून बघा: मखमलीत बारीक खोडं आणि त्यांना चिकटलेली इवलीशी पानं दिसतात. खाली मुळं नसतात, धाग्यांसारखे मूलाभ असतात.

अधिवास लिहिताना ‘वनस्पतीसृष्टीचे उभयचर’ हे बिरूद नडतं. ते वाचून ‘मॉस पाण्यात व जमिनीवर राहते’ असं लिहिलं जातं. बिरुदाचा अर्थ इतकाच, की फलनासाठी पाणी लागतं. फ्युनारिया तर जळालेल्या जमिनीवरही उगवते. उलट ‘पाकट म्हणजे समुद्रच’ हेही चूक; दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत गोड्या पाण्यातले पाकट आहेत.

आता संवर्धन स्थितीचा रकाना. बहुतेक मॉसच्या जातींना किती धोका आहे याचं जागतिक मूल्यमापन झालेलंच नाही. त्या रकान्यात ‘कमी चिंता’ लिहू नका, ‘मूल्यमापन झालेले नाही’ लिहा. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आणि स्थितीपुढे वर्ष हवंच. मँटा जुन्या तक्त्यांत ‘असुरक्षित’ आहे, 2020 पासून ‘संकटग्रस्त’. जावा स्टिंगरी हा पाकट 1862 मध्ये मिळालेल्या एकमेव नमुन्यावरून माहीत होता. तो कित्येक ठिकाणी अजून ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून छापलेला सापडेल. 2023 मध्ये त्याची नोंद ‘नामशेष’ अशी झाली.