डिझेल गाडी थोडा वेळ थांबवताना इंजिन बंद करावं की चालू ठेवावं?

गळीत हंगामात कोणत्याही साखर कारखान्याच्या आवारात जा. वजनकाट्यासमोर उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टर रांगेत उभे असतात आणि त्यातले बरेचसे नुसतेच धडधडत असतात. चालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बंद करून परत सेल्फ मारला की जास्त डिझेल जातं." ही समजूत खरी नाही. तिचा भुर्दंड मालकाला बसतो, इंजिनाला बसतो आणि धुरात उभ्या असलेल्या प्रत्येकाला बसतो.

गरम डिझेल इंजिन सेल्फच्या एकदोन फेऱ्यांत सुरू होतं, त्याला जादा इंधन ओतावं लागत नाही. उलट उभ्या उभ्या चालू राहिलेली साधी डिझेल मोटार तासाला साधारण अर्धा लिटर पिते, एसी लावला तर आणखी. अवजड ट्रक 2 ते 3 लिटर पितो. रांगेत चार तास गेले तर 8 ते 12 लिटर डिझेल जागच्या जागी संपलं! लिटरचा भाव 90 रुपये धरला तरी 720 ते 1,080 रुपये धुरात गेले.

इंजिनाचं नुकसान लगेच दिसत नाही. इंजिन नुसतं आयडलवर, म्हणजे गाडी उभी ठेवून रेस न देता, चाललं की सिलिंडर हवा तेवढा तापत नाही. डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी ईजीआर व्हॉल्व्हवर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आणि डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या टोकांवर बसते आणि न जळलेलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंगची झीज वाढते.

मग निर्णय कसा घ्यायचा? बहुतेक जण फक्त किती मिनिटं थांबायचं आहे ते पाहतात. त्याआधी एक गोष्ट पाहायला हवी: थांबण्यापूर्वी इंजिन काय करत होतं?

पहिली पायरी: मागची पाच मिनिटं आठवा. भरलेली गाडी कसारा घाट चढून इगतपुरीला चहासाठी थांबली, तर किल्ली लगेच फिरवू नका. टर्बोची, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याची, दांडी मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या मारू शकते आणि तिचं वंगण व थंडावा इंजिनाच्या ऑइलवरच अवलंबून असतो. इंजिन बंद झालं की ऑइलचा पुरवठा तिथेच थांबतो, तापलेल्या बेअरिंगमधलं ऑइल जळून कडक होतं आणि पुढे टर्बो शिट्टी मारू लागतो किंवा निळा धूर काढतो. म्हणून घाट किंवा एक्स्प्रेस-वेवरच्या जोरदार पल्ल्यानंतर एक ते दोन मिनिटं आयडलवर ठेवा आणि मगच बंद करा. गावात शिरून शेवटचा किलोमीटर-दोन किलोमीटर सावकाश चालवला असेल तर टर्बो वाटेतच निवलेला असतो, वेगळं थांबायची गरज नाही.

दुसरी पायरी: थांबा किती, याचा अंदाज घ्या. इंजिन गरम आहे, मागे चढ नव्हता आणि एका मिनिटाहून जास्त थांबायचं आहे, तर बंद करा. रेल्वे फाटक, मोठा सिग्नल, दुकानासमोर माल उतरवणं, बाजार समितीतली रांग हे सगळे थांबे यात येतात. निव्वळ इंधनाचा हिशेब केला तर याहून कमी वेळातही बंद करणं परवडतं. पण सेल्फ आणि बॅटरीवरचा ताण धरून एक मिनिट ही सोयीची मर्यादा आहे. रांग दर अर्ध्या मिनिटाला चार फूट सरकत असेल तर चालू-बंद करत बसू नका. गाडीत इंजिन आपोआप बंद-चालू करणारी स्टार्ट-स्टॉप यंत्रणा असेल तर तिची बॅटरी आणि सेल्फ त्याच कामासाठी घडवलेले असतात, ती चालू राहू द्या.

तिसरी पायरी: बीएस-6 (धुराच्या नव्या, कडक नियमांची) गाडी असेल तर डीपीएफकडे लक्ष द्या. एप्रिल 2020 पासूनच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी ही जाळी असते. साठलेली काजळी जाळायला सायलेन्सरमध्ये 600 अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि आयडलवर ती मिळत नाही. त्यामुळे सारखी उभ्याने चालणारी गाडी जाळी लवकर भरून घेते. काजळी जाळायची ही सफाई सुरू असताना आयडलचा आवाज नेहमीपेक्षा चढलेला असतो, पंखा जोरात फिरतो आणि खालून तापल्यासारखा वास येतो. अशा वेळी शक्य असेल तर दहा-पंधरा मिनिटं रस्त्यावर चालवून सफाई पुरी करा. एकदा मध्येच बंद केली तर लगेच काही बिघडत नाही, पण दर वेळी तोडत गेलात तर त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची पट्टी काढून पाहा. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल आणि पट्टीला डिझेलचा वास येत असेल, तर ऑइल बदलायची वेळ झाली. आणि सफाई चालू असताना गाडी पाचटावर किंवा वाळल्या गवतावर कधीच उभी करू नका, आग लागू शकते.

चौथी पायरी: बंद करताना रेस करू नका. किल्ली फिरवण्याआधी एकदा जोरात एक्सलरेटर दाबायची सवय अनेकांना असते. त्यात टर्बो वेगात असतानाच ऑइलचा पुरवठा तुटतो. इंजिन आयडलवर स्थिर होऊ द्या, एसी आणि दिवे बंद करा, मग किल्ली फिरवा.

पाचवी पायरी: परत सुरू करताना डॅशबोर्डवरचा हीटरचा (इंजिन आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगचा) दिवा विझेपर्यंत थांबा. सेल्फ सलग दहा सेकंदांहून जास्त मारू नका. नाहीच सुरू झाली तर अर्धा मिनिट थांबून परत प्रयत्न करा. पहाटेच्या गारठ्यातही दहा मिनिटं उभ्याने तापवण्यापेक्षा अर्ध्या-एक मिनिटात निघून पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवलेलं बरं, इंजिन लवकर तापतं.

काही वेळा मात्र चालूच ठेवा. बॅटरी मरायला टेकली असेल, रात्री वाहत्या रस्त्यात रांगेत उभे असाल आणि दिवे लागणार असतील, किंवा मे महिन्याच्या उन्हात गाडीत तान्हं मूल वा आजारी माणूस असेल, तर डिझेलचा विचार करू नका. उतारावर गाडी चालती असताना तर कधीही बंद करू नका. ब्रेकची मदत आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये परत सुरू केल्यावर हवेचा काटा पुरता चढल्याशिवाय हलू नका.

शाळेच्या फाटकासमोर आणि दवाखान्याच्या दारात मात्र अर्ध्या मिनिटाचा थांबा असला तरी बंदच करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत नोंदवला आहे आणि पहिली-दुसरीतल्या मुलाचं नाक मोठ्या माणसापेक्षा सायलेन्सरच्या जास्त जवळ असतं.

चालकाने गाडी सोडून खाली उतरायचं असेल तर प्रश्नच उरत नाही. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 126 सांगतं की सार्वजनिक ठिकाणी उभ्या गाडीत परवानाधारक चालक बसलेला नसेल, तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. चढ-उतार असेल तर गिअरही टाका आणि चाकाखाली दगड लावा.