तलंगा अंडी घालायच्या थांबल्या, तर आधी हाताने तपासा

चिपळूणच्या बाजूला आमच्या परसात 11 तलंगा, म्हणजे नुकत्या अंड्यावर येणाऱ्या तरण्या कोंबड्या, आहेत. आठ गिरिराजा या सुधारित जातीच्या, तीन गावठी. जूनमध्ये तीन महिन्यांच्या आणल्या होत्या. गिरिराजांनी सप्टेंबरात अंडी सुरू केली, गावठींनी दसऱ्याच्या सुमारास. रोज सात, कधी आठ मिळायची. मग भाताची झोडणी उरकली आणि आठवड्याभरात टोपलीत दिवसाला दोनच अंडी यायला लागली.

शेजारीण म्हणाली दृष्ट काढ. खाद्याच्या दुकानात अंडी वाढवायचं टॉनिक पुढे केलं, आणि मीही वेड्यासारखं घेतलं. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "अगो, थांबल्या नाहीत. तुला सांगून घालीत नाहीत एवढंच."

अर्ध्याहून जास्त कोडं त्यांनी तिथेच सोडवलं होतं. मला पटायला आठ दिवस गेले.

नव्या तलंगेचा पहिला महिना-दीड महिना तसाही धरसोडीचा असतो. एक अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात, त्यामुळे अंडं रोज थोडं उशिरा येतं आणि मग एखादा दिवस सुट्टी. मधेच दोन बलकांचं, मधेच कवच नसलेलं पिलपिलीत अंडं येतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. सातावरून दोनावर येणं मात्र वेगळं.

अशा वेळी रात्री खुराड्यात जा. कोंबड्या दांडीवर बसल्या की अंधारात गरीब होतात, ओरडत नाहीत. एकेक काखेत घ्यायची, तोंड मागे आणि शेपूट आपल्यासमोर. दुसऱ्या कोणाला तरी विजेरी धरायला सांगा. शेपटीखालची अंडं येण्याची जागा बघा. घालती कोंबडी असेल तर ती रुंद, ओलसर आणि मऊ असते. बंद असलेलीची बारीक, कोरडी, आवळलेली. या जागेच्या दोन बाजूंना दोन टोकदार हाडं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं आडवी मावली तर ती अंडी घालते आहे. एक बोट जेमतेम जात असेल तर नाही. पहिल्या दोन कोंबड्यांना काही कळत नाही, तिसरीपासून बोटांना फरक समजतो. तपासलेल्या कोंबडीच्या पायात रंगीत दोरा सैल बांधा, नाहीतर सकाळी सगळ्या सारख्याच दिसतात.

माझ्या 11 पैकी सात घालत्या निघाल्या. म्हणजे सात घालत होत्या आणि टोपलीत दोनच येत होती. टॉनिकची बाटली मी त्याच रात्री फळीवर मागे सारली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना दुपारी बारापर्यंत आत कोंडलं, पाणी आणि खाद्य आतच. बहुतेक कोंबड्या सकाळीच घालतात, त्यामुळे तीन-चार दिवस असं केलं की खरा आकडा कळतो. पहिल्याच दिवशी पाच अंडी. आता बाकीची कुठे जात होती? चौथ्या दिवशी लवकर सोडलं आणि पडवीत तांदूळ निवडत बसले. एक गावठी तलंग गोठ्यामागून, कोणी बघत नाहीसं बघत, नव्या पेंढ्याच्या उडवीकडे गेली आणि खालच्या बाजूने आत शिरली. अर्ध्या तासाने बाहेर आली ती ओरडतच. हात घातला तर ऊबदार पोकळीत 17 अंडी! दुसरी गावठी तिथेच ठाण मांडून बसलेली, तिने हाताला चोच मारली.

अशी सापडलेली अंडी पाण्यात टाकून बघा. तळाशी आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फेकून द्या. जुनं वेगळ्या वाटीत फोडायचं, थेट तव्यावर नाही.

त्या उडवीकडे का गेल्या, तर खुराड्यातली जागा वाईट होती. उजेड येत होता आणि खालचा पेंढा ओला होता. कोंबडीला अंधारी, आडोशाची, कोरडी जागा लागते. चार-पाच कोंबड्यांना एक खोकं पुरतं, पण ते दांडीखाली नको, रात्रभर त्यात विष्ठा पडते. मी भाजीचा प्लास्टिकचा क्रेट गोणपाटाने झाकून कोपऱ्यात ठेवला आणि पेन्सिलीने खूण केलेलं एक अंडं आतच राहू दिलं. ते बघून बाकीच्या तिथे बसायला लागल्या. खोक्यात ओला पेंढा आणि चोचीला वाळलेला पिवळा बलक दिसला, तर कोंबडीच अंडी खाते आहे. मग दिवसातून दोन-तीनदा गोळा करा. अंडी नुसती नाहीशी होत असतील तर मुंगूस, साप किंवा घूस, आणि उपाय औषधाचा नाही, जाळीचा.

आता राहिल्या चार बंद कोंबड्या. त्यातली एक म्हणजे उडवीत बसलेली, खुडूक, म्हणजे अंडी उबवायच्या नादाला लागलेली. अंग फुगवते, जवळ गेलं की गुरगुरते, खायला दिवसातून एकदाच उठते. पिल्लं हवी असतील तर दहा-बारा अंडी देऊन बसवा, 21 दिवसांत निघतात. नको असतील तर खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी द्या, पेंढा देऊ नका. पोट गार राहिलं की खूळ उतरतं, पण पुन्हा घालायला दोन-तीन आठवडे जातात. नाकातून पीस ओवणं, पाण्यात बुचकळणं असले प्रकार मी घरात करू देत नाही.

बाकी तिन्ही गिरिराजा. उचलल्या तर जड, पोटाखाली चरबीची गादी. चूक माझी. झोडणीनंतर खळ्यावर भात सांडलेला, वर मी कौतुकाने कणी टाकायचे. तांदळात प्रथिनं सात-आठ टक्के असतात आणि अंड्यावरच्या कोंबडीला 16 ते 18 टक्के लागतात. पोट भातानेच भरलं, मग तयार खाद्य कोण खातो? खळं झाडून घेतलं, कणी बंद केली, माणशी म्हणतात तशी कोंबडीशी 110 ते 120 ग्रॅम लेयर (अंड्यावरच्या कोंबडीचं तयार) खाद्य ठेवलं. वर शेवग्याचा पाला, कधी वाळवीचं वारूळ. माशांचे काटे देते, पण बेताने, जास्त झाले तर अंड्याला वास येतो असा आमचा अनुभव आहे. तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, शिंपा कुटून वेगळ्या भांड्यात ठेवते. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, जिला गरज ती खाते. पाणी विसरू नका. अंड्यात पाऊण हिस्सा पाणीच असतं, आणि एप्रिल-मे मध्ये एक दुपार भांडं कोरडं राहिलं तर पुढचे काही दिवस अंडी कमी.

उजेडाचंही आहे. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम 11 तासांचा, आणि भरपूर अंड्यांसाठी 14 ते 16 तास लागतात. पहाटे दिवा लावता येतो. लावलात तर पहाटेच लावा, कारण रात्री अचानक विझला की त्यांना दांडी सापडत नाही. 11 कोंबड्यांसाठी मी हा खटाटोप करत नाही.

खुराडं हलवलं, कुत्रं घुसलं, फटाके झाले, तर आठवडाभर हिशेब मांडू नका. मानमोडी (राणीखेत) रोगाची आर-टू-बी लस घालत्या कोंबडीला दिली तरी अंडी पडतात, म्हणून ती अंडी सुरू होण्याआधीच, आठ आठवड्यांच्या सुमारास द्यायची. रात्री दांडीवरून पांढरं फडकं फिरवा. लाल ठिपके उमटले तर रक्त पिणारे किडे आहेत. फटी चुन्याने भरा, राखेचा खड्डा करून द्या. जंताचं औषध मात्र डॉक्टरांना विचारून, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारून. हिरवट-पांढरी विष्ठा, वाकडी मान किंवा शेपूट खाली पाडून कण्हत बसलेली कोंबडी दिसली, तर हे सगळं वाचत बसू नका, सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

खाणं बदलल्यावर तीन आठवड्यांनी दोन गिरिराजा सुरू झाल्या. तिसरी संक्रांत उलटल्यावर, दिवस वाढायला लागले तेव्हा. ती चोरटी गावठी अजून उडवीतच जाते. मीही अंडी तिथूनच आणते.