वडस काढून घेताय? या चुका टाळा

नाकाच्या बाजूने एक लालसर, तिकोनी पडदा हळूहळू काळ्या बुबुळावर सरकत येतो. कुणी त्याला वडस म्हणतं, कुणी वेल, डॉक्टरांच्या कागदावर टेरिजियम लिहिलेलं असतं. वर्षानुवर्षं उन्हात, वाऱ्यात, धुळीत काम करणाऱ्यांना तो जास्त होतो. शेतकरी, मच्छीमार, मिठागरातले कामगार यांच्यात तो नेहमी दिसतो. डोळ्यापुरती भूल देऊन साधारण अर्ध्या-पाऊण तासात शस्त्रक्रिया होते, पेशंट त्याच दिवशी घरी जातो. त्यामुळे लोक ती हलक्यात घेतात. खरं तर वडस कापणं सोपं असतं, तो पुन्हा उगवू न देणं अवघड.

म्हणूनच सगळ्यात मोठी चूक मला ही वाटते की, ऑपरेशन ठरवताना लोक फक्त खर्च विचारतात. विचारायला हवं ते हे: कापलेल्या जागेवर तुम्ही काय लावणार? वडस काढून खालचा पांढरा भाग तसाच उघडा ठेवायची जुनी पद्धत आहे. तिच्यात निदान तीनातल्या एकाला तरी वडस परत येतो, काही ठिकाणी तर निम्म्याहून जास्त जणांना. आणि परत आलेला वडस पहिल्यापेक्षा जाड, चिवट असतो, वेगाने वाढतो, डोळा बाहेरच्या बाजूला फिरवताना ओढ लागते. तो काढणं सर्जनसाठीही कठीण जातं.

आता बहुतेक ठिकाणी त्याच डोळ्याच्या वरच्या भागातलं, पापणीखाली झाकलेलं पातळ आवरण काढून उघड्या जागेवर बसवतात. हा ग्राफ्ट कांद्याच्या पापुद्र्याइतका नाजूक असतो. त्याच्या खालचे जाड धागे सोडवून तो मोकळा करावा लागतो, नाहीतर तो आक्रसतो. बुबुळाकडची कड बुबुळाकडेच यावी लागते, कारण बुबुळाच्या काठावरच्या मूळ पेशी तिथे बांधासारखं काम करतात. ग्राफ्ट टाक्यांनी, फायब्रिन ग्लूने (रक्तातल्या प्रथिनांपासून केलेल्या गोंदाने) किंवा पेशंटच्याच रक्ताने चिकटवतात. टाके पहिले काही दिवस टोचतात. ग्लूमध्ये त्रास कमी, खर्च जास्त. नीट बसवलेल्या ग्राफ्टनंतर वडस परत येण्याचं प्रमाण बरंच खाली येतं. वडस पुन्हा उगवू नये म्हणून काही सर्जन मायटोमायसिन हे औषधही वापरतात. ते उपयोगी आहे, पण प्रमाण चुकलं तर डोळ्याचा पांढरा भाग पातळ होऊन झिजू शकतो, तेही कधीकधी काही वर्षांनी. त्यामुळे ते वापरणार असतील तर का, हे विचारून घ्या.

तुम्हाला काचबिंदू असेल किंवा त्याचं ऑपरेशन झालं असेल, तर हे आधीच सांगा. वरचं आवरण त्या ऑपरेशनसाठी राखून ठेवावं लागतं, मग ग्राफ्ट खालून घेतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

घाई करणं ही एक चूक आहे, तसं फार थांबणंही. छोटा, शांत, न वाढणारा वडस काढायची बहुधा गरज नसते. कोरडेपणासाठी ड्रॉप्स, गॉगल, रुंद काठाची टोपी आणि वर्षातून एकदा तपासणी पुरते. पण तिरका नंबर वाढत असेल, डोळा सतत लाल होत असेल किंवा वडस बाहुलीकडे सरकत असेल तर थांबू नका. बाहुलीपर्यंत पोचल्यावर काढला तरी बुबुळावर डाग राहतो, आणि तो डाग नजरेच्या आड येतो. वडस विचित्र दिसत असेल, पांढरट, खडबडीत, भराभर वाढणारा, तर काढलेला तुकडा तपासणीला पाठवायला सांगा. क्वचित तिथे कर्करोगाची सुरुवात असते.

कुठल्याही पाल्याच्या रसाने किंवा थेंबांनी वडस विरघळत नाही. गावात वडस 'ओढून काढणारे' असतात, त्यांच्या हाताखाली डोळा देऊ नका. सुश्रुतसंहितेत अर्म, म्हणजे वडसच, कापायची कृती आहे, ती शस्त्रकर्म म्हणूनच.

ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस डोळा चांगलाच दुखतो, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. बुबुळाचा वरचा थर सोललेला असतो, म्हणून हे अपेक्षितच आहे. अशा वेळी भूल देणारे थेंब मिळवून घरी घालू नका. बुबुळ भरून यायचं थांबतं. डोळा चोळला तर ग्राफ्ट सरकतो. झोपताना प्लास्टिकची ढाल लावा.

स्टेरॉईडचे थेंब काही आठवडे, हळूहळू कमी करत घालायचे असतात. लाली गेली म्हणून आठव्या दिवशी बंद करणारे पेशंट भेटतात, आणि उलट तीच बाटली मेडिकलमधून पुन्हा पुन्हा आणून महिनोन्‌महिने घालणारेही. पहिल्यांमध्ये सूज राहून वडस परत यायची भीती, दुसऱ्यांमध्ये डोळ्याचा दाब वाढून काचबिंदूची. तपासणीच्या तारखा पाळा, दाब मोजून घ्या. वडस परत आला तर बहुधा पहिल्या वर्षातच येतो, तेव्हा वर्षभर तरी संपर्क सोडू नका. गॉगल मात्र कायमचा.

मोतीबिंदूही असेल तर आधी वडस, मग मोतीबिंदू असा क्रम बहुतेक वेळा योग्य ठरतो. वडस बुबुळाची गोलाई बिघडवतो आणि लेन्सचा नंबर त्याच गोलाईवरून काढतात. वडस काढल्यावर गोलाई स्थिर व्हायला निदान एक ते तीन महिने लागतात. मापं त्यानंतरच घ्या. एकाच फेरीत दोन्ही उरकायचा आग्रह धरला तर लेन्स चुकीच्या नंबरची बसू शकते आणि पुन्हा चष्मा लागतो.